ज्वारी आमची, भट्टी त्यांची



एकलहऱ्याच्या जिल्हा बैठकीसाठी हा अंक निघतो आहे. अग्रलेख कापसाच्या भावावर लिहावा, असा बहुतेकांचा आग्रह होता. कापूस आतल्या पानांत आहेच. ही जागा मात्र आम्ही मुद्दाम अशा विषयाला दिली आहे, ज्यावर शेतकऱ्यांच्या व्यासपीठावर बोलायला सगळेच कचरतात. विषय दारूचा आहे. दारू प्यावी की न प्यावी, हे सांगणारे कीर्तनकार गावोगाव आहेत. आम्हाला वेगळाच प्रश्न विचारायचा आहे. ज्वारी पिकवतो आपण, मोह वेचतात आपल्याच आदिवासी बहिणी, ऊसही शेतकऱ्याचाच. मग या मालापासून जे तयार होते त्यातला सगळा पैसा सरकार आणि कारखानदार यांच्यातच कसा वाटला जातो? आणि तोच माल शेतकऱ्याच्या घरात आंबला, तर तो गुन्हा कसा ठरतो?

हा प्रश्न सुचला तो काळ्या ज्वारीवरून. कोरडवाहू शेतकऱ्याला काळी ज्वारी समजावून सांगायला नको. खरिपाची संकरित ज्वारी दाणे भरून उभी असते आणि नेमका परतीचा पाऊस गाठतो. आठ दिवस कणीस ओले राहिले की दाण्यावर बुरशी चढते. पांढरा दाणा आधी गुलाबी, मग राखी, मग काळा होतो. १९६४ साली सीएसएच-१ हे पहिले संकरित वाण आले. उत्पन्न वाढले, ही गोष्ट खरी. पण जुनी गावठी ज्वारी उशिरा, पाऊस सरल्यावर पक्व व्हायची. नवी लवकर पक्व होते आणि पावसात सापडते. काळ्या दाण्याची भाकरी होत नाही, आणि हमीभावाच्या खरेदीच्या दर्जात तो बसत नाही. २०२४-२५ च्या हंगामात संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,३७१ रुपये जाहीर झाला होता. काळ्या ज्वारीला तो कागदावरच राहतो. व्यापारी मूठभर दाणे हातात घेतो, तोंड वाकडे करतो आणि म्हणतो, "ही जनावरांना घाला, नाहीतर दारूला जाईल."

"दारूला जाईल" या दोन शब्दांत सगळे अर्थकारण आले. शेतकऱ्याच्या हातात असेपर्यंत तो सडका माल असतो. भट्टीच्या दारात पोचला की तोच कच्चा माल होतो.

आंबवणे ही शेतकऱ्याची विद्या

आधी शास्त्र पाहू. साखरेवर किण्व नावाचा सूक्ष्म जीव वाढला, की तो साखर खातो आणि तिचा मद्यार्क व कार्बनचा वायू बनवतो. रांजणातल्या रसाला बुडबुडे येतात ते या वायूचे. हे काम जिवंत पेशी करतात, हे फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी १८६० च्या सुमारास दाखवून दिले. पण माणसाने पाश्चरची वाट पाहिली नाही. चीनमधल्या जिआहू या ठिकाणी सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांत भात, मध आणि फळे एकत्र आंबवल्याच्या खुणा सापडल्या आहेत. जिथे शेती गेली तिथे आंबवणेही गेले. धान्य साठवायला शिकलेल्या माणसाला ते ओले झाले की काय होते, हे लवकरच कळले असणार.

फळाच्या, ताडीच्या किंवा मोहाच्या रसात साखर तयारच असते. वाळलेल्या मोहफुलात वजनाच्या निम्म्याहून अधिक साखर भरते. धान्यात मात्र साखर नसते, पिष्ट असते, आणि किण्वाला पिष्ट खाता येत नाही. त्यासाठी धान्याला मोड आणावे लागतात. मोड येताना दाणा स्वतःच्या पिष्टाची साखर करू लागतो. ज्वारीला मोड आणून आंबवलेले पेय आफ्रिकेत आजही गावोगाव होते, आणि ज्वारी मुळात तिथलीच. चीनची प्रसिद्ध मौताई ही दारू लाल ज्वारीचीच असते. आपल्याकडे ज्वारीच्या पिठाचे आंबील रात्रभर ठेवतात. ते ताकाच्या जंतूंनी आंबते, त्यात नशा नसते. पण कितीसे ऊन, कितीसा वेळ, कुठले भांडे, हा अंदाज तोच. ज्या माउलीला आंबील जमते, तिला आंबवण्याचे शास्त्र कुणी शिकवायला नको.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. आंबवणे ही एक क्रिया आहे. आंबलेला रस उकळून त्याची धार काढणे ही दुसरी. नुसत्या आंबवण्याने पेयातला मद्यार्क शेकडा १२ ते १५ च्या पुढे सहसा जात नाही, कारण त्याहून कडक मद्यार्कात किण्व स्वतःच मरते. ताडी तर यापेक्षा बरीच सौम्य. धार काढली की मद्यार्क तिपटी-चौपटीने वाढतो. पाणी १०० अंशाला उकळते आणि मद्यार्क ७८ अंशाला, या फरकावर भट्टी चालते. कायद्याने मात्र ताडीचे मडके आणि भट्टीचे पिंप यांना एकाच दावणीला बांधले आहे.

गुन्हा केव्हापासून?

आपल्याकडे दारू नेहमीच बंद होती आणि इंग्रजांनी ती आणली, असे काहीजण सांगतात. दारू नेहमीच मोकळी होती, असेही काहीजण सांगतात. दोन्ही खरे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. दारू कोण गाळणार, कुठे विकणार, यावर त्याची नजर होती. म्हणजे दारूतून खजिना भरण्याची युक्ती दोन हजार वर्षे तरी जुनी आहे. पण त्याच ग्रंथात कुटुंबवत्सल गृहस्थाला घरच्या कार्यासाठी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मोकळीक आहे, आणि उत्सव-यात्रांच्या वेळी चार दिवसांची सूटही आहे. ज्या राज्यशास्त्राला आपण कठोर म्हणतो, त्यानेही घराच्या उंबऱ्याच्या आत हात घातला नव्हता.

तो हात घातला इंग्रज सरकारने. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला आणि घरोघरी, पाड्यापाड्यांवर चालणारे गाळप गुन्हा ठरले. दारू एका ठिकाणच्या सरकारमान्य भट्टीत निघणार, तिचा मक्ता लिलावात जाणार आणि गुत्तेदार ती गावात विकणार, अशी व्यवस्था बसली. ताडाच्या झाडावर झाडामागे कर बसला. तेवढ्याने भागेना म्हणून १८९२ साली मोहाचा कायदा आला आणि ठाणे-कुलाब्याकडच्या भागात मोहफुले जवळ बाळगण्यावरच बंधने आली. मोह म्हणजे फक्त दारू नव्हे. टंचाईच्या दिवसांत ते माणसाचे अन्न आहे आणि गुरांचे खाद्य आहे. फुलच गुन्हेगार ठरले, तेव्हा पोटही गुन्हेगार ठरले.

या कायद्यांनी लोकांची दारू सुटली का? नाही. घरची सौम्य, सणावाराची गेली आणि गुत्त्यावरची कडक, रोजची आली. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. शहरात दारूची दुकाने वाढू लागली तेव्हा, १८८० साली, त्यांनी त्याविरुद्ध नगरपालिकेला लेखी कळवले. तरीही सरकारला दुकान हवेच होते, कारण अबकारी हा जमीन महसुलाच्या खालोखाल भरवशाच्या उत्पन्नांपैकी एक झाला होता. १९२२ साली दक्षिण गुजरातेत देवीच्या नावाने आदिवासींनी दारू सोडली आणि गुत्तेदारांवर बहिष्कार टाकला. लोकांनी आपणहून दारू सोडली, तेव्हा आनंद होण्याऐवजी सरकारला महसुलाची काळजी लागली.

त्याच सुमारास विलायतेत काय चालले होते, तेही पाहा. तिथल्या शेतकऱ्यांनी मोड आणलेल्या जवावरच्या कराविरुद्ध वर्षानुवर्षे ओरड केली आणि १८८० साली ग्लॅडस्टन यांच्या सरकारने तो कर काढून टाकला. म्हणजे इकडे १८७८ साली आमच्या शेतकऱ्याच्या मडक्यावर जप्ती आली, आणि दोनच वर्षांनी तिकडे त्यांच्या शेतकऱ्याच्या जवावरचा कर गेला. १९६३ साली तिथे घरच्यापुरती बीअर करण्याला लागणारा परवानाही रद्द झाला. अमेरिकेत घरगुती बीअर १९७८ च्या कायद्याने मोकळी झाली. दोन्ही देशांत घरी धार काढायला आजही बंदी आहे. आंबवणे आणि गाळणे यातला फरक त्यांच्या कायद्याला कळतो.

आमच्यासारखीच कथा हवी असेल तर दक्षिण आफ्रिकेकडे पाहावे. ज्वारीची बीअर तिथे बायका घरी करत आणि त्यावर घर चालवत. १९०८ च्या कायद्यानंतर डर्बन शहराच्या नगरपालिकेने ती करण्या-विकण्याचा मक्ता स्वतःकडे घेतला आणि काळ्या मजुरांसाठी बीअरचे गुत्ते उघडले. त्या पैशातून मजुरांवर पहारा ठेवणाऱ्या कचेऱ्यांचा खर्च भागवला जाई. १९५९ साली डर्बनजवळच्या केटो मॅनर वस्तीतल्या बायका या गुत्त्यांवर चाल करून गेल्या. बायका बीअर करणाऱ्या होत्या आणि तरीही गुत्त्याच्या विरोधात होत्या. यात विसंगती ज्याला दिसते, त्याने आपल्या गावातल्या बायकांशी एकदा बोलून पाहावे.

स्वराज्याची अबकारी

स्वराज्य आले. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. नावात आजही दारूबंदी आहे. या कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात दारू पिणाऱ्याला आजही परवाना लागतो. आणि याच राज्याला राज्य उत्पादन शुल्कातून वर्षाला २० हजार कोटी रुपयांहून अधिक मिळतात. नाशिकरोडला नोटांचा छापखाना आहे, एकलहऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. सरकारचा दुसरा छापखाना गावोगावच्या देशी दारूच्या दुकानात आहे. पहिल्याला कागद आणि शाई लागते. दुसऱ्याला फक्त मजुराची मजुरी लागते.

मळीची देशी दारू साखर कारखान्याच्या आसवनीत निघाली, तर ती उद्योग. तोच गूळ पाड्यावर आंबला, तर पंचनाम्यात त्याचे नाव "गूळमिश्रित रसायन", आणि ते जागेवर ओतून देतात. द्राक्षाचे पाहा. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. वाइनला उत्पादन शुल्कात सवलती दिल्या, विंचूरला वाइन पार्क काढले. नाशिकच्या बागाईतदाराला याचा थोडाफार फायदा झाला असेल, तर आम्हाला पोटदुखी नाही. तोही शेतकरीच आहे. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय झाला, तेव्हा मंत्रिमंडळाने सांगितले की हा शेतकऱ्यांच्या हिताचा निर्णय आहे. बरे झाले! आंबवणे हे शेतकऱ्याच्या हिताचे असू शकते, हे सरकारच्या तोंडून निघाले. आता एवढेच विचारायचे आहे, की हे हित पाटाच्या पाण्याच्या पुढे का येत नाही? द्राक्ष आंबले तर संस्कृती आणि मोह आंबला तर हातभट्टी, हा न्याय कुठला?

ज्वारीसाठीही योजना आली होती, हे विसरता येणार नाही. २००७ साली धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्यांना सरकारने अनुदान जाहीर केले. कारण काय सांगितले? कोरडवाहू शेतकऱ्याच्या काळ्या ज्वारीला भाव मिळावा. परवाने कुणाला मिळाले, त्यात कुठल्या राजकीय घराण्यांच्या कंपन्या होत्या, याची चर्चा तेव्हा वर्तमानपत्रांतून भरपूर झाली. डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी त्या धोरणाला कडाडून विरोध केला. आमचे म्हणणे वेगळ्या बाजूने आहे. अनुदान लिटरमागे होते, क्विंटलमागे नव्हते. मद्यार्क निघाला की कारखान्याला पैसा मिळणार. ज्वारी काय भावाने घेतली, हे कुणी विचारणार नाही. शेतकऱ्याचे नाव आणि कारखानदाराचे गाव, ही आपल्या योजनांची जुनीच रीत आहे.

क्विंटलचा हिशेब

आम्ही कृषी महाविद्यालयात जे थोडे शिकलो, त्याचा इथे उपयोग करू. ज्वारीच्या दाण्यात शेकडा ६५ ते ७० पिष्ट असते. एका क्विंटलमधून आसवनीला साधारण ३७ ते ४० लिटर मद्यार्क मिळतो. बाटलीतली "विदेशी" म्हणवणारी दारू शेकडा ४२.८ मद्यार्काची असते. म्हणजे एका क्विंटल ज्वारीच्या मद्यार्कात ७५० मिलिलिटरच्या ११५ ते १२५ बाटल्या भरतात. उरलेला चोथा वाळवून पशुखाद्य म्हणून विकतात, तो वेगळाच. बुरशीने दाण्यातले पिष्ट थोडे कमी होते, म्हणून काळ्या ज्वारीत हा आकडा थोडा खाली येईल. पण व्यापारी जेवढा भाव पाडतो, तेवढा खाली नक्की येणार नाही. कारखान्याला कोळसा, वीज, यंत्रे, व्याज, मजुरी सगळे लागते, हे आम्ही मानतो. बाटलीच्या किमतीतला मोठा वाटा कराचा असतो, हेही मानतो. तरीसुद्धा प्रत्येकाने घरी जाऊन हा हिशेब मांडावा. सव्वाशे बाटल्यांची किंमत एका बाजूला आणि काळ्या ज्वारीच्या एका क्विंटलची पट्टी दुसऱ्या बाजूला. मधले पैसे कुठे गेले, हे शोधायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

आता मद्यार्काला दारूशिवाय दुसरी वाटही फुटली आहे. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने खराब झालेल्या धान्यापासून इथेनॉल काढायला मुभा दिली, आणि पेट्रोलमध्ये ते मिसळले जाते. ज्यांना दारूचे नाव नको, त्यांनी इथेनॉलचे नाव घ्यावे. हिशेब तोच राहतो.

बायांचे म्हणणे

कुणी म्हणेल, तुम्ही शेतकऱ्याला भट्टी लावायला सांगता आहात काय? नाही. आज कायदा जो आहे तो आहे, आणि पाड्यावरच्या बापड्याला कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावून आमची चळवळ मोठी होणार नाही. दुसरे, दारूने घर कसे बसते ते आमच्या सभेला येणाऱ्या बायांना चांगले ठाऊक आहे. कापसाची पट्टी घेऊन निघालेला घरधनी वाटेतल्या दुकानात अर्धा होऊन घरी येतो. दारू कर्करोगाला कारण होते, हे शास्त्राने सिद्ध झाले आहे. घरची असो की कारखान्याची, शरीर पावती पाहत नाही.

पण विषारी दारूचे खापर घरच्या आंबवणावर फोडतात, तेही तपासले पाहिजे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसे मेली. ती मेली मिथेनॉलने. धान्य किंवा गूळ आंबवून इतके मिथेनॉल तयार होत नाही. ते कारखान्यातले रसायन आहे, चोरट्या व्यापाराने स्वस्तात मिसळलेले. कायदा आणि हप्ता एकत्र नांदतात, तिथे असे विष पिकते.

गावात दुकान हवे की नको, हे ठरवण्याचा हक्क गावाचा आहे. तो काही प्रमाणात मिळालाही आहे. २००८ च्या आदेशाने गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिले, की दुकान बंद करावे लागते. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आपल्याकडे सुरगाणा, पेठ, कळवण या भागांत, १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांवर बंदी किंवा नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. आंबवण्याचा हक्क आणि दुकान बंद करण्याचा हक्क हे एकमेकांचे वैरी नाहीत. दोन्ही गावाकडून काढून घेतले गेले, आणि दोन्ही गावाकडेच आले पाहिजेत. सरकारला दोन्हींची अडचण होते, कारण दोन्हींत महसूल बुडतो.

आमच्या मागण्या आणि आमचे काम

बैठकीपुढे आम्ही पुढील गोष्टी ठेवतो. ज्या आसवनीला धान्याचा परवाना आहे, तिने काळ्या ज्वारीचा खरेदीभाव पिष्टाच्या प्रमाणात, दारात फलक लावून जाहीर करावा. सवलत द्यायचीच असेल, तर ती शेतकऱ्याच्या पट्टीवर द्यावी, लिटरवर नको. द्राक्षाला जे धोरण लावले, तेच ज्वारी, मोह आणि ताडी-निरा यांना लावावे, आणि परवाना शेतकऱ्यांच्या व आदिवासी बायांच्या गटांना परवडेल असा असावा. गोव्यात काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. गावची दारू म्हणून जिला हिणवले, ती राज्याची ओळख झाली. मध्य प्रदेशने मोहाच्या दारूला वारसा म्हणून मान्यता देऊन आदिवासी गटांना परवाने द्यायचे ठरवले. महाराष्ट्राने २०२१ साली मोहफुले गोळा करण्यावरची बंधने सैल केली, पण त्यापुढे प्रक्रियेचा परवाना गटांच्या आवाक्यात आणायला हवा. आणि या सगळ्याच्या वर ग्रामसभेचा, त्यातही बायांचा, शब्द अखेरचा असावा.

मागण्या मान्य होईपर्यंत आपल्या हातात जे आहे ते करू. ज्वारीच्या दाण्याच्या बुंध्याशी काळा ठिपका दिसू लागला, की दाणा पक्व झाला. त्यानंतर तो ताटावर ठेवून वजन वाढत नाही, फक्त पाऊस लागण्याची भीती वाढते. तेव्हा आभाळ भरले असेल तर कणसे खुडून घ्यावीत आणि ओट्यावर, ताडपत्रीवर पातळ पसरून वाळवावीत. काळी आणि पांढरी ज्वारी एकत्र करू नये. एकत्र केली की सगळ्याच मालाला काळीचा भाव लागतो. काळा दाणा माणसाने खाऊ नये, आणि दुभत्या जनावरांनाही भरमसाट घालू नये, कारण त्या बुरशीत विष असते. आणि काळी ज्वारी एकेकट्याने विकू नये. गावची मिळून एक गाडी झाली, तर आसवनीच्या दाराशी भाव विचारता येतो. पोतेभर घेऊन गेलेल्याला भाव सांगतात. गाडीभर घेऊन गेलेल्याला भाव विचारतात.

बैठकीला येताना प्रत्येक गावाने मागच्या हंगामातल्या काळ्या ज्वारीच्या पट्ट्या सोबत आणाव्यात. कुणाला, किती क्विंटल, काय भावाने, एवढे पुरे. पट्ट्या एकत्र आल्या की त्यांची बेरीज घेऊन आपण आसवन्यांच्या दारात जाऊ आणि विचारू: भट्टी तुमची असेल, पण ज्वारी कुणाची?